किमान सहा महिने शिल्लक

शहापूर,
रविवार, १६ नोव्हेंबर

ती. दादास,

मेघाचा सप्रेम जयभीम. योगिनीवहिनींनाही जयभीम सांग आणि राहीचा गालगुच्चा घे (ती बारावीला आहे आणि आता गालगुच्चे घेऊ देत नाही हे मला माहीत आहे, तरी घे). वहिनींची टाच कशी आहे? गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेकायला सांगितलं होतं, ते केलं का, की तुमच्या भुसावळला रुईचं पानही मिळत नाही? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील, म्हणून आधीच सांगते की कोणी गेलेलं नाही, कोणी दवाखान्यात नाही आणि प्रशांतने नोकरी सोडलेली नाही. जे झालं आहे ते वेगळं आहे.

फोन का केला नाही असं विचारशील. मी तुझ्याशी फोनवर बोलायला लागले की प्रशांत टीव्हीचा आवाज कमी करतो. एकोणीस वर्षांच्या संसारात माझं डोकं दुखत असताना त्याने कधी टीव्हीचा आवाज कमी केला नाही, म्हणजे तो ऐकतो, आणि ऐकलेलं आईला सांगतो, कारण सासूच्या हातचं सुकट त्याला प्रिय आहे. घरच्या ग्रुपवर लिहावं तर ग्रुपची अॅडमिन आई. तुला एकट्याला लिहावं तर तुझा फोन राहीच्या हातात असतो आणि राही आजीला सगळं सांगते. राहिला कागद. हे पाकीटसुद्धा मी मुरबाडच्या पेटीत टाकणार नाही, कारण तिथले चांगो पोस्टमन आईला मानतात (त्यांच्या तिन्ही पोरांना तिनेच लस टोचली आहे). आसनगावच्या पेटीत टाकीन. आईला या पत्राचा पत्ता नाही आणि लागताही कामा नये.

तर, आई बोटीवर चालली आहे.

तानशाच्या तलावातल्या होडीवर नव्हे. समुद्रातल्या, अकरा मजल्यांच्या, आत लिफ्ट असलेल्या बोटीवर. जानेवारीत मुंबईहून सुटायचं, कोचीनला थांबायचं, कोलंबोला उतरायचं, तिथून बसने अनुराधपूरला जाऊन बोधिवृक्षाला वंदन करायचं आणि पुन्हा बोटीने घरी. मुरबाड, शहापूर आणि कल्याणची मिळून बावीस माणसं आहेत. हे तिने मला ऑक्टोबरात सांगितलं, भात पाखडता पाखडता, सूप न थांबवता. आपली आई, दादा, जिला माळशेज घाटाच्या दुसऱ्या वळणावर लिंबू हुंगावं लागतं. मी म्हटलं, आई, समुद्रात उलटी झाली तर? म्हणाली, "समुद्र मोठा आहे."

बोटीवर दिवसभर जेवण फुकट असतं म्हणे. सकाळी सहापासून पंगत चालू, कोणी ताट मोजत नाही. फुकट जेवणाबद्दल माझं मत तुला माहीत आहे, पण माझा संशय बोटीवर नव्हता. तो त्याआधीपासूनच चालू होता. आईने नव्या चपला घेतल्या, पट्ट्यांच्या, चर्र आवाज करत उघडणाऱ्या. मी घरात शिरले की ती फोनवर "बरं, ठेवते, गाडी आली" म्हणायची, आणि असायची स्वयंपाकघरात. कुठली गाडी? मग तिने केसांना मेंदी लावायचं सोडलं. विचारलं तर म्हणाली, पांढरे बरे दिसतात. आता बाई या वयात केस काळे करायला लागली तर आळीला संशय येतो. पण पांढरे बरे दिसतात हे तिला कोणी सांगितलं, हा खरा प्रश्न आहे, आणि तो फक्त मला पडला.

उत्तर तुला ठाऊक आहे, तरी कागदावर आणते. अनंता उबाळे. मुरबाड डेपोचे निवृत्त कंट्रोलर. आपण शाळेत असताना स्टँडवरच्या भोंग्यातून "कल्याणकडे जाणारी गाडी फलाट दोनवर" म्हणणारा तो घोगरा आवाज त्यांचाच. त्यांच्या गिरजाकाकू अकरा वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हा शेवटचे दोन महिने आईच रोज त्यांच्या घरी जाऊन इंजेक्शन देत होती. आता ते मंगळवारी आणि शुक्रवारी आईला बाजारातून भाजी आणून देतात, ओट्याजवळच्या खुर्चीत चहा पितात आणि कप स्वतः विसळून पालथा घालतात. पुरुषाने कप विसळला तर मला कौतुकच आहे. पण दुसऱ्याच्या घरात कप कुठे पालथा घालायचा हे माहीत व्हायला वेळ लागतो, दादा. किती, ते मी मोजत बसले होते. आणि बोटीच्या बावीस नावांत पाचवं नाव रत्नप्रभा काळूराम रोकडे, सहावं अनंता उबाळे.

दोन वर्षांपूर्वी तू आलास, तेव्हा ते बाबांच्या खुर्चीत बसलेले होते आणि तू पाणीसुद्धा न घेता भुसावळची गाडी पकडलीस. तेव्हापासून तू मुरबाडला आलेला नाहीस. त्या दिवशी मी तुझ्या बाजूने होते. तू निघून गेलास म्हणून तुला फोनवर खोटं खोटं रागावले, पण मनात म्हटलं, बरं झालं, एकाने तरी केलं. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आता मुख्य प्रकरण. दिवाळी झाल्यावर आईने मला एक यादी पाठवली. सहल नेणारा मुकेश म्हणजे स्टँडसमोरचा (पाटी अशी आहे : टूर्स, झेरॉक्स, लग्नपत्रिका, वाढदिवस व दुःखद निधनाचे बॅनर). यादी जशीच्या तशी उतरवते.

१) आधार कार्ड.
२) पासपोर्ट, मूळ प्रत.
३) वैधव्य : परतीच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने शिल्लक असणे बंधनकारक. एक दिवस कमी असला तरी बोटीवर चढू देणार नाहीत.
४) फोटो दोन. कान दिसले पाहिजेत.

आणि खाली आईने लिहिलं होतं : मेघा, तीन नंबर वाच, आपली तारीख कमी पडते, लवकर ये.

दादा, मी गेली एकवीस वर्षं सातवीला मराठी शिकवते. मुलांच्या वहीतला चुकलेला रफार मला फाटकातून दिसतो. पण मी ती यादी तीनदा वाचली आणि तिसऱ्या कलमाला लाल गोल काढला नाही. संशय असला की माणूस शुद्धलेखन तपासत नाही, पुरावा तपासतो. मला फक्त दिसलं की बोटीच्या कंपनीलासुद्धा आईचा संशय आला आहे, आणि खाली आई स्वतःच कबूल करते आहे की "तारीख" कमी पडते. कसली तारीख ते मला विचारायची गरज वाटली नाही.

मी आईकडे न जाता तडक किन्हवलीला गीताआत्याकडे गेले. बाबांच्या माघारी त्यांच्या बाजूचं वडीलधारं माणूस तीच. आत्या ओटीवर सुकं बोंबील निवडत होती. म्हटलं, आत्या, आई क्रूझवर चालली. ती म्हणाली, "क्रुसावर? परत धरम बदलायचा? छप्पन साली आमच्या बापानी एकदा बदलला तो पुरे नाय काय गो?" तिला बोट म्हणजे काय ते समजावण्यात अर्धा तास गेला. मग मी तिसरं कलम वाचून दाखवलं. आत्याने बोंबील खाली ठेवला आणि विचारलं, "शिल्लक म्हंजे? विधवापन काय रेशनची साखर हाय, शिल्लक रावाला?"

प्रश्न रास्त होता. आम्ही दोघींनी त्यावर चहाचे दोन कप खर्च केले. शेवटी तोड आत्यानेच काढली. बोटीवरच्या कप्तानाला म्हणे लग्न लावायचा अधिकार असतो, तिने मालिकेत पाहिलं आहे. म्हणजे बायका एकट्या चढतात आणि जोडीने उतरतात, मग घरचे लोक कंपनीशी भांडतात, म्हणून कंपनी आधीच लिहून घेते की बाई परत आल्यावरही सहा महिने होती तशीच राहील. हे ऐकल्यावर मला सगळं लख्ख दिसलं. (दादा, चुकीची गोष्ट जितकी लख्ख दिसते तितकी बरोबर गोष्ट कधी दिसत नाही, हे मला आता कळलं आहे.) आत्या म्हणाली, लिहून घे तिच्याकडून, स्टँपावर घे, मंग बघू कोन कप्तान.

दुसऱ्या दिवशी शाळेला अर्धी रजा टाकून मी किन्हवली-सरळगाव करत मुरबाडला गेले आणि तहसीलबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडे प्रतिज्ञापत्र करायला दिलं. मला वाटलं होतं तो हसेल, निदान मान तरी वर करेल. त्याने कागद चढवला आणि विचारलं, किती महिन्यांचं? सहा, म्हटलं. अकरा करू का, म्हणाला, भाडेकराराचं अकराच असतं. मी म्हटलं, नको, सहाच. तो म्हणाला, मग नूतनीकरणाची अट टाकतो, पुन्हा यायला नको. ती अट टाकू दिली नाही एवढी अक्कल मला होती. मजकूर असा झाला : मी, रत्नप्रभा काळूराम रोकडे, वय वर्षे सहासष्ट, धंदा पेन्शन, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, सहलीहून परतल्याच्या तारखेपासून पुढील किमान सहा महिने मी विधवाच राहीन, आणि त्यात कसूर झाल्यास होणाऱ्या परिणामांस मी स्वतः जबाबदार राहीन.

तो कागद घेऊन मी आईच्या दारात उभी राहिले तेव्हा मला वाटत होतं की मी तिचं भलं करते आहे. सही केली तर तिला बोटीवर जाता येईल आणि मला रात्री झोप लागेल. आईने चष्मा लावला. आपल्या आईचं वाचणं तुला माहीत आहे, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा ती सोडत नाही. तिने वरपासून खालपर्यंत वाचलं, "पेन्शन हा धंदा नाय" म्हणून तेवढे शब्द पेनाने खोडले, मग पेनाचं टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"यावर मी सही करनार नाय."

मी म्हटलं, आई, नुसती पद्धत असते, कोणी तपासत नाही. ती म्हणाली, तीस वर्षं उपकेंद्राची नोंदवही भरली, न टोचलेली लस कधी टोचली म्हणून लिहिली नाही, वरून दट्ट्या आला तरी नाही, मग आता म्हातारपणी खोटं कशाला लिहू? मी विचारलं, यात खोटं काय आहे?

आई खिडकीकडे बघत म्हणाली, "सहा महिने नायत गो माझ्याकडे."

दादा, मला वाटलं, आईला काहीतरी झालं आहे. तिने लपवलं आहे, मोठ्या दवाखान्यात जाऊन आली आहे, म्हणून बोट, म्हणून बोधिवृक्ष, म्हणून पांढरे केस तसेच. मी तिचे हात धरले आणि रडत विचारायला लागले, कुठल्या डॉक्टरने सांगितलं, रिपोर्ट कुठे आहेत, दादाला माहीत आहे का. आई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर कशाला? मी आनी अनंता मार्चात नोंदणी करनार हाव. जानेवारीच्या शेवटी बोट येते. कुठून आणू सहा महिने?"

मला आधी सुटल्यासारखं झालं. आई मरत नाही, लग्न करते आहे, म्हणून मी अक्षरशः हसले. मग हसणं आवरलं आणि राग आला, आणि राग आला हे बघून लाज वाटली, आणि हे सगळं होईपर्यंत आईने माझ्यासमोर पाणी आणून ठेवलं होतं. मी विचारलं, मग मुकेशला काय सांगायचं, तो तर चढू देणार नाही. आई म्हणाली, लग्नाचं मुकेशला काय करायचंय? मी यादी उघडून तिसऱ्या कलमावर बोट ठेवलं. आईने चष्म्याच्या वरून पाहिलं. मग खालून पाहिलं. "अगो बाय माझी," ती म्हणाली, "हे पासपोर्टाचं हाय. वैधत्व."

ती यादी तिनेही वाचली होती, पण बरोबर वाचली होती. तीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचलेल्या बाईला लिहिलेलं दिसत नाही, लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते दिसतं. तिचा पासपोर्ट जूनमध्ये संपतो, बोट जानेवारीअखेर येते, मध्ये चार महिने. ती तारीख कमी पडत होती. पुढची पंधरा मिनिटं आई पदर तोंडाला लावून हसत होती. मधेच थांबून "नूतनीकरण" म्हणायची आणि पुन्हा सुरू.

मी मुकेशला जाब विचारायला गेले. तो म्हणाला, "मॅडम, माझ्या फोनला वैधत्व येतच नाय. व ला मात्रा दिली का वैधव्यच पुढं करतो." यादी बावीस जणांना गेली होती, त्यात सात पुरुष आहेत, आणि खुलासा मागायला आलेली मी पहिलीच. मी म्हटलं, ते असू दे, पण जूनपर्यंत चालणारा पासपोर्ट जानेवारीत का चालत नाही? तो म्हणाला, "कागदावर चालतो मॅडम. पन बोट अडकली, मानूस आजारी पडलं, येताना उशीर झाला, तर परक्या मुलखात तारीख संपाया नको. म्हनून सहा महिने जास्तीचे मागतात." दुकानातून बाहेर पडल्यावर मी बराच वेळ त्यावर विचार केला. परक्या सरकारांना जे सुचतं ते आपल्याला आपल्या माणसांच्या बाबतीत सुचत नाही. आपण सगळं शेवटच्या तारखेपर्यंत धरून चालतो.

परत आले तर आईने पत्र्याची पेटी काढली होती. तिच्यात तिच्या पासपोर्टाखाली रबराने बांधलेला आणखी एक होता. बाबांचा. तुला माहीत होतं का हे? (खरं सांग, कारण मला तुझाही थोडा संशय आहे.) दोघांनी मिळून साडेनऊ वर्षांपूर्वी काढले होते, अनुराधपूरला जायचं म्हणून. कोणाला सांगितलं नव्हतं, आधी पैसे जमू देत मग सांगू म्हणून. त्याच वर्षी डिसेंबरात बाबा गेले. दोन्ही पासपोर्टांत एकही शिक्का नाही. बाबांच्या फोटोत त्यांनी तो चौकटीचा शर्ट घातला आहे, आणि कान दिसावेत म्हणून केस मागे चापून बसवले आहेत, शाळेच्या पहिल्या दिवशी तुझे बसवायचे तसे.

तेवढ्यात अनंतकाका आले, पासपोर्टाचा नवा फॉर्म भरायला, बगलेत प्लास्टिकची पिशवी आणि खिशात दोन पेनं. मी ठरवून रागावलेली होते. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, जोडीदाराचं नाव. मी त्यांच्याकडे बघत मुद्दाम मोठ्याने विचारलं, इथे कोणाचं नाव घालायचं? आई म्हणाली, "काळूराम. त्यांच्यासंगं जायचं ठरलं होतं. त्यांचं नाव घेऊन जाईन. बाकी आल्यावर." मी अनंतकाकांच्या चेहऱ्यावर काही हलतं का ते बघत होते. त्यांनी पेन उघडून ते नाव एकेका चौकोनात एकेक अक्षर असं सावकाश लिहिलं आणि म्हणाले, "त्यांचं रिझर्व्हेशन आधीचं आहे, मेघा. मी स्टँडिंग."

मी चहा करायला उठले तर साखर कुठे ठेवली आहे ते मला सापडेना. त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं.

गेल्या सोमवारी मी आणि आई ठाण्याला पासपोर्ट ऑफिसात जाऊन आलो. अनंतकाका कल्याणपर्यंत जीपमध्ये आमच्या पुढच्या सीटवर बसले आणि ऑफिसच्या बाहेर डबा घेऊन तीन तास उभे राहिले. आत यायला त्यांना मज्जाव होता, कंट्रोलरला फलाटावर उभं राहायची सवय असतेच. आत एका पोरसवदा मुलीने आईच्या बोटांचे ठसे घेतले. ते उमटेनात. तीस वर्षं साबणाने हात धुऊन आईच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. चौथ्या वेळेला उमटले. मुलीने पडद्यावर बघून विचारलं, पतीचं नाव हेच ठेवायचं ना? आई म्हणाली, हेच. मी शेजारी उभी होते आणि मला, सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला, तिथे उभं राहून कळलं की मी नऊ वर्षं कशाची राखण करत होते. बाबांच्या आठवणीची नाही. आईच्या एकटेपणाची. ते मला सोयीचं होतं. रविवारी कधीही जावं, आई घरी. परीक्षांच्या दिवसांत मुलांना तिच्याकडे सोडावं, आई मोकळी. सुकट, लोणचं, पापड, सगळं तिच्या मोकळ्या वेळातून यायचं आणि त्या वेळाला मी आईची माया म्हणायचे. मायाही होतीच. पण वेळ होता तो रिकामा होता, आणि तो कोणी भरू नये म्हणून मी कप मोजत होते.

नवा पासपोर्ट काल आला, चांगो पोस्टमनच घेऊन आले. दहा वर्षांचा. गीताआत्याला मी सगळं सांगून आले. तिने मग विचारलं, "माझ्या भावाचं नाव घेऊन जाते ना ती? मंग जाऊ दे. बायमानसानं किती वर्सं एकटीनं भात शिजवायचा, पेलाभर?" आणि आपल्यालाही पासपोर्ट काढायला किती लागतात ते विचारून घेतलं.

माझा संशय पूर्ण फिटला आहे असं समजू नकोस. अनंतकाका भाजी फार निवडून आणतात, एकही वांगं किडकं निघत नाही, हे मला नैसर्गिक वाटत नाही. बोटीवरच्या फुकट जेवणाचा उलगडाही झालेला नाही. पण तुला लिहायचं कारण ते नाही. आईने मला एक स्पष्ट सांगितलं आहे आणि ते मी तुझ्यापासून लपवू शकत नाही. "अनिल नाय म्हणाला तर बोटीवर जाईन, पुढचं सोडून देईन. त्याच्याविना नाय करायचं मला." ती तसं करेल. न टोचलेली लस न लिहिणारी बाई आहे, बोलल्याप्रमाणे करेल आणि पुन्हा तुला कधी बोलूनही दाखवणार नाही. म्हणून तू काय ते ठरव. मी तुला काही सुचवत नाही, मी कोणाच्याच बाजूने नाही.

वहिनींना आणि राहीला पुन्हा आठवण.

तुझी,
मेघा

ता. क. नोंदणीसाठी महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती बोटीच्या आधीच देऊन टाकायचं ठरलं आहे. त्यांना बाबांच्या मृत्यूचा मूळ दाखला हवा आहे, झेरॉक्स चालत नाही. तो तू फंडाच्या कामाला नेला होतास, तुझ्या लोखंडी कपाटात असेल. स्पीड पोस्टने पाठव. उत्तर वेगळं लिहायची गरज नाही. दाखला आला की मी समजेन, नाही आला तरी समजेन.

ता. क. दुसरा. मी कोणाच्याच बाजूने नाही असं वर लिहिलं ते बरोबर नाही. साक्षीदार तीन लागतात. पहिलं नाव मी माझं दिलं आहे, दुसरं आत्याचं. तिसऱ्या जागेसाठी मुकेश मागे लागला आहे, मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. आणि आईला या पत्राचा पत्ता नाही हेही आता फारसं खरं नाही. वर शहापूर लिहिलं असलं तरी आज रविवार असल्याने मी मुरबाडला तिच्याच टेबलावर बसून लिहिते आहे आणि डिंकाची बाटली तिच्याकडे आहे.

(खालचं अक्षर आईचं आहे.)

अनिल, पाकीट चिकटवायला दिलं म्हणून वाचलं. मेघाने बाकी सगळं बरोबर लिहिलं आहे. दाखला पोस्टाने पाठवू नको. तू घेऊन ये.